उलटतपासणीवरचं व्याख्यान

तरुण वकिलांसमोर उलटतपासणीवर व्याख्यान द्यायचं म्हणून वकीलसाहेबांनी आठ दिवस घरात इतकी जोरदार तालीम केली, की नेमका व्याख्यानाच्या सकाळी त्यांचा घसा बसला. गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या. तोंडातून नुसती हवा.

शेवटी त्यांच्या टायपिस्टबाई धावून आल्या. सत्तावीस वर्षं साहेबांचं अक्षर लावून लावून त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला होता. "मी वाचते की! टाईप मीच केलंय."

सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश. साहेब खडू घेऊन फळ्याजवळ बसले. दोन पानं सुरळीत गेली. तिसऱ्या पानावर बाई थबकल्या.

"'माझ्या तिसऱ्या प्रश्नाला साक्षीदार ढसाढसा रडला.' साहेब, त्याला सर्दी झाली होती हो! मी तिथेच होते."

खसखस पिकली. साहेबांनी ताडकन उठून फळ्यावर लिहिलं : हरकत!

"फेटाळली," न्यायाधीश सवयीने म्हणाले. "बाई, पुढे."

बाईंना चेव चढला. "आणि हा घड्याळचोरीचा खटला. साहेब आरोपीचे वकील. 'थोडक्यात हुकला' लिहिलंय. थोडक्यात कसला! साक्षीदार म्हणाला, 'अंधारात मला काहीच दिसलं नाही.' तिथेच खाली बसायचं ना? छे! साहेबांनी विचारलं, 'मग चोर हाच, हे कशावरून?' तो म्हणाला, 'माझ्या पायावर याचा पाय पडला, तेव्हा यानं नाव सांगून माफी मागितली.'"

सभागृह हसून लोटपोट झालं. साहेबांनी पुन्हा 'हरकत' लिहायला घेतलं, तर खडूच मोडला.

"फेटाळली."

साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रुमालात तोंड खुपसून ते जोरजोरात खोकले.

मागच्या रांगेतली एक तरुणी उठली. "बाई, मग आम्ही साहेबांकडून शिकायचं तरी काय?"

बाईंनी कागद खाली ठेवले. "हरल्यावर सगळे वकील पक्षकाराला साक्षीदाराचे नाहीतर न्यायाधीशांचे दोष सांगतात. त्या दिवशी साहेब आरोपीच्या आईशेजारी बाकावर जाऊन बसले. म्हणाले, 'आई, चूक माझी झाली.' असं म्हणणारा वकील मी हा एकच पाहिला."

न्यायाधीश वकीलसाहेबांकडे वळले. "काही हरकत?"

"नाही, महाराज." आवाज खणखणीत होता.

"अगबाई!" बाई दचकल्या. "आवाज कधी आला?"

"मघाशी खोकलो ना, तेव्हाच."

"मग मला थांबवलं का नाही?"

साहेबांनी हळूच डोळे पुसले. "साक्षीदार खरं बोलत असताना वकिलानं मध्ये तोंड घालू नये."

तेवढं एक वाक्य मात्र सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.