ओल्या साबणाचं वजन

एका जंगलात, बाळांनो, खरूज आली. सशापासून सिंहापर्यंत सगळे झाडाला पाठ घासत उभे. दरबारात मंत्री बोलायचे कमी आणि खाजवायचे जास्त.

महाराज सिंहांनी फर्मान काढलं, पौर्णिमेपर्यंत साबणाच्या शंभर वड्या हव्यात. काम आलं रसायनप्रमुख सगुणाबाई साळिंदरांकडे. बाई चांगल्या शिकलेल्या. घरी त्यांची धाकटी छबू अंग ओरबाडून रडत होती, त्यामुळे त्यांना फर्मानाची गरजही नव्हती.

आता साबणाला मुख्य लागतं काय, तर करंजाचं तेल आणि राखेचं पाणी. राख मायंदाळ होती. उन्हाळ्यात अर्धं जंगल जळलं होतं ना! तेल मात्र जेमतेम चाळीस वड्यांपुरतं, कारण करंजाची झाडं तोडून महाराजांच्या स्वागताची कमान उभी केली होती.

बाईंनी दरबारात सांगितलं, तेल संपलं की साबण थांबला. मग राख डोंगराएवढी का असेना, ती नुसती उरणार. आणि उरलेलं राखेचं पाणी साबणात राहिलं तर कातडी जाळणार.

उत्पादनमंत्री कोल्हा गोड हसला. "बाई, तेल मर्यादित असेल. आपला उत्साह मर्यादित आहे का?"

टाळ्या पडल्या. आणखी राख आणायला माकडं धाडली.

तरी बाईंनी तेलाच्या मापानंच साबण केला. चौतीस वड्या हाती आल्या. थोडा कढईला चिकटतो, थोडा पळीला. एवढं व्हायचंच. शेकडा पंच्याऐंशी म्हणजे कुठल्याही शाळेत पाठ थोपटली असती.

दरबारात मात्र एकच विषय, सहा वड्या कुणी खाल्ल्या? चौकशी बसली. कढईला अटक झाली. चौतीस वड्या पुरावा म्हणून गुहेत मोहोरबंद झाल्या. छबूसाठी एक तरी द्या, म्हणून बाईंनी हातापाया पडून पाहिलं. पुराव्यानं अंघोळ करता येत नाही, असं कोल्ह्यानं त्यांना समजावलं. त्यांचं बीळही सरकारी आहे, याची जाता जाता आठवण करून दिली.

घरी छबूनं विचारलं, "आई, झाला साबण?" बाईंना रडू फुटलं. सकाळी त्या मुकाट्यानं कोल्ह्याकडे गेल्या.

शेजारच्या रानातून पुन्हा तेवढंच तेल आलं होतं. कोल्ह्याची रीत सोपी होती. असेल नसेल तेवढं राखेचं पाणी त्यात ओतायचं. वड्या मोजायच्या नाहीत, वजन करायचं. आणि वाळवायचं तर मुळीच नाही. लगदा पाण्यासकट तराजूत चढला आणि उत्पादन भरलं शेकडा एकशे तीस! शंभराच्या वर गेलं म्हणजे पाणी मोजलंय, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी अहवालावर पंजा उठवला.

साबण घरोघर गेला. फेस काही आला नाही, पण आठवड्यात सगळं जंगल सोललेल्या बटाट्यासारखं झालं. सशांची लव गेली, माकडांचे केस गेले. महाराजांची आयाळही गेली, पण ते म्हणाले, केसच नाहीत तर खरूज बसेल कुठं? खरूज हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

सगुणाबाईंचा सत्कार ठरला. शाल महाराजांनी स्वतः घातली. पहिली लाभार्थी म्हणून छबूला पुढं बोलावलं. तिच्या पाठीवर एकही काटा उरला नव्हता.

ती आईला बिलगली आणि हळूच म्हणाली, "आई, आता कोल्हा अंगावर आला तर मी काय फुलवू?"

कोल्हा तिथंच बसला होता. त्यानं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग बाईंनीही वाजवली.

तात्पर्य: बाळांनो, काय कमी पडलं हे कधी सांगू नये, चौकशी लागते. उत्तर शंभर टक्क्यांच्या वर आलं तर घाबरून खाडाखोड करू नका. साबण वाळायच्या आत सत्कार उरकून घ्या.