वनकट्ट्याचं दार आणि न दचकणारं पोर

एका जंगलात, नकाशावर शोधू नका, आधी ते फोन खाली ठेवा बघू, एक पिसोरी राहत होती.

पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, अंगावर ठिपके, पाय पेन्सिलीएवढे. आणि दिवसभराचं काम एकच, दचकणं. पान पडलं की ती दचकायची. पान पडलं नाही, तरी दचकायची, की अजून कसं पडलं नाही. हसू नका मुलांनो. काही जणींचं असतं तसं.

या पिसोरीला एक पोर झालं. गोड पोर. पण पोर दचकेना.

शेजारी फांदी मोडून पडली. पोर तिच्याकडे बघत राहिलं. रानडुक्कर धडधडत गेलं. पोर त्याच्यामागे चार पावलं गेलं, एवढ्या घाईने कुठे चाललंय ते बघायला. पिसोरी काळजीत पडली. जी पिसोरी दचकत नाही ती फार दिवस टिकत नाही, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. ते सांगताना दोघी तीनदा दचकल्या होत्या.

आता हे विचारायचं कुणाला? पिसोऱ्या एकट्या राहतात. कुणी भेटायला आलं की त्या पळून जातात, त्यामुळे ओळखी फारशा होत नाहीत.

तेवढ्यात तिच्या कानावर वनकट्ट्याचं नाव आलं.

वनकट्टा म्हणजे ऐनाच्या झाडाला बांधलेला, जमिनीपर्यंत लोंबणारा, आत अख्खा हत्ती मावेल एवढा मोठा खोपा. आत बसून प्राण्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे. एक प्रश्न म्हणजे एक धागा. तो छताला टांगायचा. ज्याला उत्तर द्यायचं असेल त्याने त्या धाग्याला एक गाठ मारायची. साधी सोय होती.

कट्ट्याचे अध्यक्ष होते आबासाहेब सांबर. सदस्य होते सात. गेली अकरा वर्षं सात. आणि त्या सातांचा सगळ्यात लांब धागा होता, 'प्राणी आपल्या कट्ट्यावर का येत नाहीत?' त्याला चारशे बारा गाठी. सगळ्या त्या सातांच्याच.

शेवटी आबासाहेबांनी पाहणी करायची ठरवली. कट्ट्यावर न येण्याची कारणं काय, असं त्यांनी प्रत्येक सदस्याला विचारलं. सातही जण म्हणाले, आम्ही तर येतो. आबासाहेब फार गोंधळले.

मग त्यांनी सुगरणरावांना बोलावलं. सुगरण पक्ष्यात खोपा विणतो तो नर, नाव मात्र बाईचं. यावरही कट्ट्यात एक धागा होता, नव्वद गाठींचा. वनकट्ट्याचं सगळं सॉफ्टवेअर सुगरणरावांच्या चोचीतून उतरलेलं होतं.

"सुगरणराव, कोणी येत का नाही?"

"दार साधं आहे ना, आबासाहेब. साध्या दारातून आत जावंसं कुणाला वाटतं? सॉफ्टवेअरला जरा वजन पाहिजे."

"मग घाला वजन."

सुगरणरावांनी सातवी आवृत्ती विणली. काय ते दार. बाहेर वानर बसवला. अर्ज आला. अर्जात शेपटीची लांबी, ताणून आणि न ताणता. आईच्या पहिल्या बिळाचं नाव. मग नऊ चित्रं, त्यातली वाघ असलेली ओळखायची. बरेच अर्जदार तिसऱ्या चित्रापाशीच पळून गेले. शेवटी एक परवलीचा आवाज द्यायचा. त्यात एक चिवचिव, एक डरकाळी आणि एक शिंक असायलाच हवी. एवढं सगळं तपासून वानर दिवसाला एका प्राण्याला आत घ्यायचा. तोही दुपारी झोप लागली नाही तर.

आणि काय झालं माहीत आहे? प्राणी आले. झुंडीने आले. आत जाणं एवढं अवघड आहे म्हणजे आत काहीतरी असणार, असं सगळ्या जंगलाला वाटलं. लांबलचक रांग लागली. वानराने प्रत्येकाला पळसाच्या पानावर नंबर टोचून दिला आणि रांगेचे दोन नियम सांगितले. रांग सोडली की नंबर गेला. आणि रांगेत खायचं नाही.

"म्हणजे काय खायचं नाही?" एकेचाळीस नंबरवाल्याने विचारलं.

"कुणालाच खायचं नाही," वानर म्हणाला.

एकेचाळीस नंबरवर बिबट्या होता.

आमच्या पिसोरीचा नंबर आला बेचाळीस.

ती दचकली की नाही हे मी सांगत नाही. तुम्हीच ठरवा. इतकंच सांगते की ती पळाली नाही. कारण पळाली तर नंबर जाणार, आणि नंबर गेला तर पोराचं विचारायचं राहणार. ती डोळे मिटून उभी राहिली. पोर मात्र दुडूदुडू पुढे गेलं आणि बिबट्याच्या शेपटीवर जाऊन बसलं.

बिबट्याने मान वळवली. पोराकडे पाहिलं. नंबरच्या पानाकडे पाहिलं. मग मोठा सुस्कारा टाकला.

"ताई, तुमचं पोर जरा उचलता का? शेपटीला मुंग्या आल्या."

"हो दादा. उचलते दादा." पिसोरीने एक डोळा उघडला. "काय आहे ना, ते दचकतच नाही."

"तेच बघतोय. मला बघून न दचकणारं पोर पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत का?"

"तेच विचारायला आलेय," पिसोरी म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

मागे त्रेचाळीस नंबरवर साळूबाई होत्या. साळिंदरांच्या घराण्यातल्या, तोंडाने फटकळ. त्या म्हणाल्या, "अगं रडतेस काय अशी? माझ्या धाकट्याचे काटे दीड महिना उभेच राहिले नव्हते. शेजारीण म्हणायची, साळूबाई, तुम्हाला उंदीर झालाय. आता बघ जा त्याला. मिठी मारायची सोय राहिली नाही."

"खरंच?"

"खोटं कशाला सांगू? हा बघ, माझ्या नाकावर अजून व्रण आहे."

बिबट्या जरा जवळ सरकला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मला लहानपणी डरकाळी येत नव्हती. म्यावच यायचं. दोन वर्षांचा होईपर्यंत. हे रांगेतच राहू दे."

असे दिवस जाऊ लागले. रांग रोज एक पाऊल पुढे जायची. वानर झोपला की तेही नाही. पिसोरीला परवलीच्या आवाजासाठी डरकाळी हवी होती, ती बिबट्याने उसनी दिली. बिबट्याला चिवचिव जमत नव्हती, ती पिसोरीने शिकवली. दोघांनाही शिंक येईना, तेव्हा साळूबाईंनी एक काटा दिला आणि म्हणाल्या, "नाकात घाल, आपोआप येते."

बिबट्याला भूक लागली की तो जागेवर एक धोंडा ठेवायचा. "ताई, माझा नंबर धरा. टेकडीपलीकडे जाऊन येतो."

"या सावकाश," पिसोरी म्हणायची, आणि धोंड्यावर पाय ठेवून उभी राहायची. एकदा एक तरस मध्ये घुसायला बघत होतं. "भाऊ, इथे नंबर आहे," पिसोरीने त्याला ठणकावलं. मग स्वतःच्याच आवाजाला दचकली.

त्या दिवशी ती एकूण चारदाच दचकली. आयुष्यातला नीचांक. पोर अजून दचकत नव्हतं, पण आता रांगेतले साठ जण त्याच्याकडे लक्ष ठेवून होते. अस्वल रोज त्याच्या मागे जाऊन 'भॉ' करायचं. पोर त्याच्या तोंडात किती दात आहेत ते मोजायचं.

इकडे एक दिवस आबासाहेबांनी खोप्याच्या भोकातून बाहेर पाहिलं आणि त्यांची शिंगंच गळायची बाकी राहिली.

"सुगरणराव, साठ जण बाहेर ताटकळतायत. काय म्हणेल जंगल? आत मूठभर आणि बाहेर साठ?"

"वजन तुम्हीच घालायला सांगितलंत."

"आता काढा."

सुगरणरावांनी आठवी आवृत्ती विणली. अर्ज नाही, चित्रं नाहीत, शिंक नाही. दार म्हणजे नुसता पडदा. ढकला आणि या. वानराने सगळ्यांकडून नंबरची पानं गोळा केली आणि दोन श्वासांत रांग संपली. आबासाहेब इतके खूश झाले की त्यांनी एक धागा स्वतःच्याच अभिनंदनाचा टांगला.

पिसोरीही आत गेली. पोराला तिने बाहेर ऐनाच्या बुंध्याशी बसवलं. तिने आपला धागा टांगला, 'माझं पोर दचकत नाही. काळजी करावी का?'

जुन्या सातांनी भराभर गाठी मारल्या.

"हा विषय येऊन गेलेला आहे."

"जुने धागे शोधत चला, म्हणजे आमचा वेळ जाणार नाही."

"आधी स्वतःची ओळख द्यायची पद्धत आहे इथे."

"हा प्रश्न सॉफ्टवेअर विभागात कसा?"

"मुळात दचकणं म्हणजे काय, याची व्याख्या झाली पाहिजे."

पिसोरीने साळूबाईंना शोधलं. त्या पार पलीकडे 'काटे व तत्सम' या विभागात एकट्याच बसल्या होत्या. मध्ये इतके धागे लोंबत होते की हाक पोचेना. पिसोरी निमूट बाहेर आली.

बाहेर रांग नव्हती. बुंध्याशी पोर बसलं होतं. आणि पोरासमोर बिबट्या बसला होता.

"कंटाळा आला हो आत," बिबट्या म्हणाला. "मांसाहारी विभागात मी एकटाच. म्हटलं, जेवून घ्यावं."

"टेकडीपलीकडे जाताय ना, दादा?"

"आता कशाला तेवढं चालायचं? नंबर तर गेला." तो जरा ओशाळला. "वाईट वाटून घेऊ नका, ताई. रांगेत होतो तोवरची गोष्ट वेगळी. आता मी सदस्य आहे."

पोर त्याच्या मिश्या निरखून बघत होतं. हलेना की डुलेना.

पिसोरीचे चारही पाय पळायला तयार झाले. तिच्या आईचे असेच झाले असते, आजीचेही. पण ती पळाली तरी पोर काही पळणार नव्हतं. म्हणून ती उभी राहिली. तिला काहीतरी बोलायला हवं होतं आणि तिला काहीच सुचत नव्हतं. तोंडातून जे आलं ते आलं.

"दादा, तुमची पडताळणी झाली?"

बिबट्या थांबला. "कसली पडताळणी?"

"नोंदणीनंतरची."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कुणालाच सांगत नाहीत, दादा. आपणच विचारायचं असतं."

बिबट्याचा चेहरा पडला. अर्ज भरलेल्या कुठल्याही प्राण्याचा पडतो तसा. "पण वानर म्हणाला, झालं सगळं."

"तो काय, म्हणतो. नंतर नाव कापलं जातं."

"मग रांग कुठे आहे?"

"ही काय," पिसोरी म्हणाली. "मीच पहिली."

बिबट्याने पोराकडे पाहिलं. पिसोरीकडे पाहिलं. मग उठला आणि पोराला ओलांडून मुकाट्याने तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"इथे खायचं नाही, असंच ना?"

"तेच नियम आहेत."

"धोंडा ठेवला तर चालेल?"

"ठेवा ना. मी आहे इथे."

बिबट्या टेकडीपलीकडे निघून गेला. पिसोरी इतकी थरथरली की झाडावरची दोन सुकी पानं खाली आली.

थोड्या वेळाने साळूबाई पडदा सारून बाहेर आल्या. "कसली रांग आहे गं?"

"पडताळणीची."

"बरं झालं बाई. मी धोंड्यामागे उभी राहते." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मग अस्वल आलं. मग मुंगूस. दुपारपर्यंत साठच्या साठ जण रांगेत आले आणि बिबट्याही पोट चोळत आपल्या धोंड्यापाशी परतला. कुणी पोराला शिंकून दाखवत होतं, कुणी साळूबाईंना विचारत होतं की काटे गळायला लागले तर काय लावावं.

आबासाहेब बाहेर आले. उघड्या दारासमोर ही भलीमोठी रांग. त्यांना काही कळेना.

"अहो, दार उघडं आहे. आत या की."

"नंबर जाईल," अस्वल म्हणालं.

"कशाचा नंबर?"

"ते पुढे गेल्यावर कळेल."

"पण तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरताय? कोणी विणलं हे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पिसोरी म्हणाली, "आबासाहेब, आम्ही नुसते उभे आहोत."

आबासाहेबांनी बराच वेळ विचार केला. शिंगं खाजवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम प्रकाश पडला. ते दगडावर चढले आणि घसा साफ करून म्हणाले, "मंडळी, काळजी नको. उद्यापासून नववी आवृत्ती येते आहे."

आणि पोर दचकलं.

असं दचकलं म्हणता, चारही पाय जमिनीपासून वर. कान उभे, ठिपके उभे. खाली आलं ते थेट आईच्या पोटाखाली.

सगळी रांग माना वळवून बघू लागली.

"दचकलं," पिसोरी कुजबुजली. "माझं पोर दचकलं."

"चारही पाय," बिबट्या म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "मी मोजले. चारही पाय वर होते."

"मी म्हणत नव्हते?" साळूबाई म्हणाल्या आणि पिसोरीला मिठी मारता मारता थोडक्यात थांबल्या. अस्वल नाचायला लागलं. मुंगूस गडबडा लोळलं. साठ जणांनी असा जल्लोष केला की खोप्यातले सात धागे तुटून खाली पडले.

आबासाहेबांना वाटलं, हे सगळं नवव्या आवृत्तीसाठी चाललंय. त्यांनी लवून सगळ्यांना नमस्कार केला.

तात्पर्य: मुलांनो, सॉफ्टवेअरने फार फरक पडतो. ते चांगलं असेल तर आपण पटकन आत जातो आणि एकटे पडतो. वाईट असेल तर बाहेर चार जण भेटतात. म्हणून कुठे नोंदणी अडकली तर तक्रार करू नका, मागे जे कोणी उभं असेल त्याच्याशी बोला. पुढच्याशीही बोला. फक्त त्याचं काम झालं आहे, हे त्याला कधी कळू देऊ नका.