बहिरूचं बुरशीचं औषध

"दुकानातल्या औषधाला बुरशी आता भीत नाय! मी घरीच असं जालीम औषध करतो, की बघतच राहशील," बहिरूनं बायकोला, उज्वलाला, छाती ठोकून सांगितलं.

सिन्नरजवळच्या त्यांच्या रानात घेवड्यावर पांढरी बुरशी अशी चढली होती, जणू कुणी शेंगांना चुनाच फासलाय! महागड्या फवारण्या फुकट गेल्या. आता सगळी मदार आंबट ताकावर. ते त्यानं तांब्याच्या हंड्यात भरून आईच्या खाटेखाली सारलं. आई चतुराबाई आजारपणानं अंथरुणाला खिळलेली. तापानं तिला वास येणंच बंद झालं होतं, हे तिचं नशीब!

आठवड्यानं दर्प गल्लीत पोचला. शेजारचा सोमा नाकाला उपरणं लावून दारात आला. आत चतुराबाई डोक्यावरून पांघरूण घेऊन निजलेली. सोमाचा आवाज खाली आला.

"कधी झालं रे, बहिरू?"

"आठवडा झाला की!"

"आठवडा! आन् कोणाला सांगितलं नाय?"

"सांगून काय? लोक हसतात. अजून जरा कुजू दे, मग गाळून घेवड्यावर फवारतो."

सोमाला घेरीच आली! भिंत धरत तो बाहेर पडला आणि फोन लावत सुटला.

दुपारपर्यंत जीपभर नातेवाईक बाया हंबरडा फोडत घरात शिरल्या. पहिलीनं खाटेवर अंग टाकलं, हंडा कलंडला, ताक उंबऱ्याबाहेर वाहिलं. चतुराबाई ताडकन उठून बसली.

"कोण गेलं गं?"

निम्म्या बाया किंचाळल्या, निम्म्या जीपकडे पळाल्या!

दारात सोमाच्या हातात फोन होता, स्पीकरवर. पलीकडे नाशिकला नोकरीला असलेला चतुराबाईचा थोरला मुलगा समाधान बोलत होता, "मला रजा नाही. तुम्ही उरकून घ्या. दहाव्याला जमलं तर बघतो."

चतुराबाईनं हात पुढं केला. सोमानं फोन दिला.

"समाधान, मी हाय रे. आई."

फोन कट झाला.

बहिरू खाली बसून फडक्यानं ताक टिपत राहिला. दुसरं आंबेपर्यंत घेवडा टिकणार नव्हता, हे त्याला कळत होतं. आईकडं बघायची मात्र छाती होईना.

चतुराबाईनं पदर सारखा केला.

"उज्वला, समद्यांना चहा टाक. रडून झालंय बिचाऱ्यांचं. खऱ्या वेळेला काय परत यायच्या नायत!"