गफूरचाचांचं कापसाचं बोंड

गफूरचाचा कुणाकडंही बघतात ते त्याला कोणता ड्रेस शोभेल हे ठरवायला. आणि एकदा ठरलं की मनात ठेवत नाहीत. आमच्या केजच्या बँकेत नवे साहेब आले, तेव्हा चाचा पासबुक भरायला गेले होते. काचेपलीकडच्या साहेबांना बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "साहेब, तुमाला पपई लई शोभंल." साहेबांना वाटलं हा फळवाला आहे. त्यांनी दोन किलो घरी पाठवायला सांगितली. चाचांनी ती बाजारातून घेऊन खरंच पाठवली. समजावत बसण्यापेक्षा पपई स्वस्त पडते, असं त्यांचं म्हणणं.

माझे बाबा उंच आणि वाळके, म्हणून चाचांच्या लेखी ते विजेचा खांब. आईला त्यांनी टपालपेटी ठरवलं. आईनं ते अजून माफ केलेलं नाही.

चाचांचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून. पत्र्यावर लिहिलंय, 'भाड्यानं ड्रेस मिळतील'. शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम आला की गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. राजा, राणी आणि परी कुठल्याही दुकानात मिळतात म्हणून चाचांना त्यांचं कौतुक नाही. त्यांचा जीव भाज्या, फळं आणि यंत्रांत. वांगं, भेंडी, ट्रॅक्टर, गॅसची टाकी, मोबाइलचा टॉवर, सगळं स्वतः शिवलेलं. टॉवरच्या टोकाला लाल दिवा आहे आणि तो लागतोही, फक्त टॉवर झालेल्या पोराला खिशातला सेल दाबत राहावं लागतं.

पण ड्रेस नुसता मिळत नाही. प्रत्येक ड्रेसला चाचांनी रचलेला डायलॉग आहे, आणि तो पोरानं दुकानासमोर उभं राहून पुरा म्हटल्याशिवाय ड्रेस खुंटीवरून खाली येत नाही. "मी आहे भेंडी. मला चिकट म्हणू नका. माझ्यामुळं गणित चांगलं येतं. धन्यवाद." सगळे डायलॉग याच चालीचे. भाजीनं आधी स्वतःची ओळख द्यायची, मग तक्रार करायची, मग उपयोग सांगायचा आणि शेवटी धन्यवाद. एकदा तेलगावकडचे एक गृहस्थ मोटारसायकलवर घाईनं आले. पोरगं शाळेत थांबलेलं, ड्रेस तेवढा न्यायचा होता. चाचा म्हणाले, पोरगं न्हाई तर तुमी म्हना. त्या माणसानं इकडं-तिकडं पाहिलं आणि हेल्मेट न काढता भरगल्लीत आपण भेंडी असल्याचं जाहीर केलं. मध्येच अडखळला, तर चाचांनी पहिल्यापासून म्हणायला लावलं.

ड्रेस परत आला की पहिला प्रश्न, "नंबर कितवा?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर इतका बसलाय की तो ते कुठंही विचारतात. मी बारावी झाले तेव्हा विचारला, ते ठीक. माझ्या मावशीला मुलगी झाली तेव्हाही विचारला. आजोबा डोळ्याचं ऑपरेशन करून आले तेव्हा विचारला, तर आजोबांनी चष्म्याचा सांगितला आणि दोघांचंही समाधान झालं.

शेजारी असल्याचा मला फायदा म्हणा, तोटा म्हणा, असा झाला की नवा ड्रेस शिवला की तो आधी माझ्या अंगावर चढायचा. वांगं मी होते, सिग्नल मी होते. गॅसची टाकी झाले तेव्हा बाईंनी मला शेवटच्या बाकावर, दारापाशी बसवलं होतं. इतकं सगळं होऊन मी पुढं इंजिनिअर झाले आणि पुढच्या शिक्षणाला जर्मनीत गेले.

गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या लग्नाला घरी आले होते. बोलता बोलता मी चाचांना सांगितलं की तिकडं थंडी संपत आली की कार्निव्हल असतो, सगळं शहर ड्रेस घालून रस्त्यावर येतं, आणि परत गेल्यावर मैत्रिणीबरोबर दिवसभरासाठी तो बघायला जाणार आहे. चाचांच्या हातातली सुई थांबली. म्हातारे बी घालतेत का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, म्हातारे बी. पोलीस? काही पोलीसही नाकाला लाल चेंडू लावतात. चाचांनी सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाले, "अन् मी ऱ्हायलो केजात."

दुसऱ्या दिवसापासून ते शिवायला बसले. कापसाचं बोंड करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, चाचा, दुसरं काही करा, तिकडं कापूस कुणी झाडावर पाहिलेला नाही. ते म्हणाले, म्हणूनच. शिवाय आतमध्ये खरा कापूस भरला की थंडीचाही बंदोबस्त होईल. तेलगावहून सरकी काढलेला कापूस आणला, वडिलांची जुनी पिंजण माळ्यावरून काढली आणि स्वतः पिंजला. चाचांचे वडील पिंजारी, गावोगाव गाद्या भरत हिंडायचे. चार मोठ्या पांढऱ्या उश्या, खाली तपकिरी कापडाचं टरफल, वर माझं डोकं तेवढं बाहेर. बॅगेत ते मावेना. मग आईची शेंगदाण्याची चटणी आणि लाडू बाहेर निघाले, आणि आईनं चाचांच्या नावानं खडे फोडले.

डायलॉगही पाठ करून घेतला. मी शंभरदा सांगितलं की तिथं स्टेज नसतं, माइक नसतो, नंबर काढत नाहीत. लोक नुसते येतात, नाचतात आणि घरी जातात. हे काही केल्या त्यांना पटेना. इतकी माणसं एवढा खर्च करून ड्रेस घालतेत अन् नंबर काढीत न्हाईत, तर मग कावून घालतेत, हा त्यांचा प्रश्न. शेवटी ठरलं असं की नंबर नसला तर नसो, पण मी भर चौकात उभी राहून डायलॉग पुरा म्हणायचा आणि त्यांना तो व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. मी हो म्हटलं. विमानात बसल्यावर आपण काय कबूल केलंय ते लक्षात आलं.

त्या दिवशी सकाळी मी आणि माझी वर्गमैत्रीण लीना आगगाडीनं निघालो. लीना मधमाशी झाली होती, सुटसुटीत आणि चपळ. मी डब्याच्या दारात अडकले. आतून तिनं ओढलं आणि बाहेरून एका कोंबड्यानं ढकललं. गाडीत सगळेच कोणी ना कोणी होते. ते आपापसात माझ्याबद्दल पैजा लावत होते. मेंढी, ढग, लाह्या, साबणाचा फेस, फुलकोबी. मी कापसाचं बोंड म्हटल्यावर सगळ्यांनी समजुतीनं मान हलवली आणि समोरच्या बाईनं मला आपल्यातली अर्धी बिस्किटं दिली. तिला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

चौकात पोचलो तर ढोल, भोंगे, गाणी, नुसता गलका. आणि पाऊस. पाऊस म्हणजे बर्फ आणि पाणी यांच्या मधलं काहीतरी. त्यात लीना नुसतं अंग झटकलं की कोरडी होत होती. मी मात्र अस्सल तेलगावचा कापूस, एकही थेंब वाया जाऊ देत नव्हते. तासाभरात माझं वजन इतकं वाढलं की नाचणाऱ्यांच्या रांगेनं मला ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. उश्या गुडघ्यापर्यंत लोंबल्या. थंडीचा बंदोबस्त म्हणून आणलेल्या ड्रेसात माझे दात वाजायला लागले.

त्याच वेळी फोन वाजला. केजला दिवेलागणीची वेळ. चाचांनी दुकानात खुर्च्या मांडल्या होत्या, फोन कुठल्याशा मोठ्या टीव्हीला जोडला होता, आणि अख्खी गल्ली येऊन बसली होती. पुढच्या ओळीत माझी आई, चटणीचं दुःख विसरून. चाचांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भिजलं का गं?"

"भिजलं चाचा."

"ग्रेड गेला," ते म्हणाले. मागं कुणीतरी, आता व्यापारी भाव पाडणार, असं म्हणालं आणि गल्ली हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी हातानं सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडं बघत थांबले.

खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं. वांगं होणं वेगळं, तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. इथं माझ्या कॉलेजातलं आणखी कुणी भेटलं असतं तर? पण टीव्हीसमोर सगळी गल्ली श्वास रोखून बसलेली. मी लीनाच्या हातात फोन दिला आणि तिला थोडक्यात सांगितलं. ती उत्साही मुलगी. तिनं आजूबाजूच्यांना ओरडून सांगितलं की माझी मैत्रीण आता भाषण करणार आहे. माझ्याभोवती रिंगण झालं. एका बेडकानं शेजारच्याचा भोंगा काढून घेतला. मी हात सरळ खाली सोडले आणि म्हटलं:

"मी आहे कापसाचं बोंड. काळ्या मातीत माझं घर. राजाच्या गादीत मी, गरिबाच्या उशीत मी. माझ्यावर हसाल, तर उघडे बसाल. धन्यवाद."

कुणाला एक अक्षर कळलं नाही. तरी सगळे शेवटपर्यंत गप्प उभे होते, आणि मग असा गलका केला की मला स्वतःचंच हसू आलं. मी फोन हातात घेतला. चाचांची खुर्ची रिकामी होती. गल्ली टाळ्या वाजवत होती आणि फोन शमीमचाचीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात होता.

चाचा कुठं गेले, मी विचारलं. मागं गेलेत, चाची म्हणाली, येतेत आता. मग फोन तोंडाजवळ घेऊन, आवाज खाली आणून तिनं सांगितलं. लहानपणी अब्बाला मदत करून चाचा तसेच शाळेत जायचे. केसांत कापूस अडकलेला असायचा, म्हणून पोरं त्यांना बोंड म्हणायची. अब्बांना हे कळलं तेव्हा त्यांनी गॅदरिंगसाठी खरंच बोंडाचा ड्रेस शिवून दिला. डायलॉग शिकवला तोही अब्बांनीच, आज मी म्हटला तोच.

"स्टेजवर गेलते," चाची म्हणाली. "मी आहे कापसाचं बोंड, इतकंच म्हनले अन् सगळी शाळा हसाय लागली. मास्तर बी हसले. पुढचं कुनी म्हनूच दिलं न्हाई. घरी येऊन अब्बाला सांगितलं, पहिला नंबर आला."

इतकी वर्षं मी त्यांच्या दुकानात वाढले, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात चाचा परत आले. तोंड धुऊन आल्यासारखे दिसत होते. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "पुरं म्हनू दिलं का बेटा?"

"पुरं म्हणू दिलं चाचा. शेवटपर्यंत." आणि मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "आता तुमी म्हना. इथं सगळे ऐकायला उभे हायत."

येडी का काय तू, ते म्हणाले, या वयात. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. माझी आई उठली, तिनं मधली खुर्ची बाजूला सरकवली आणि त्यांच्यासाठी जागा केली. मी फोन डोक्यावर उंच धरला, बेडूक, कोंबडा आणि मधमाशी सगळे त्या एवढ्याशा पडद्याकडं माना वर करून बघायला लागले.

चाचांनी सदरा खाली ओढला, टोपी नीट केली आणि दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ते ताठ उभे राहिले. आवाज पहिल्यांदा चिरकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि सगळा डायलॉग न अडखळता म्हटला. उघडे बसाल म्हणताना बोट वर केलं. धन्यवाद म्हटलं. केजात कुणी हसलं नाही, इकडं कुणी हसलं नाही.

संपल्यावर पोरं स्टेजवर उभी राहतात तसे ते तिथंच उभे राहिले. उतरायचं कुठून ते त्यांना कळेना. शेवटी शमीमचाची पुढं झाली आणि हाताला धरून त्यांना खुर्चीपर्यंत घेऊन गेली.