तांदळाएवढा ओरखडा

“असा रंग देतो, की ओरखडा कुठे होता हे मलासुद्धा सापडणार नाही,” जावयाने मेहुणीला ठामपणे सांगितले.

सासऱ्यांनी स्कूटरची चावी सासूबाईंच्याही हाती कधी दिली नव्हती. त्या सकाळी ती त्यांनी जावयाला दिली. मुलगी देतानाही ते एवढे हळवे झाले नव्हते. तासाभरातच फाटकाच्या कडीने पुढच्या मडगार्डवर तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा काढला. आता सासरे दुपारच्या झोपेतून उठायच्या आत तो बुजला नाही, तर चावी पुन्हा दिसण्याची आशा नव्हती.

कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याने कंप्रेसर, स्प्रेगन आणि झटपट वाळणारा, स्कूटरसारखाच निळा रंग दिला, वर एक गुरुमंत्रही. “हात थांबवायचा नाही. थांबला की रंग ओघळला.”

मागच्या अंगणात मडगार्ड कपड्यांच्या दोरीला टांगले गेले. कंप्रेसर धडधडू लागला.

“बाबा उठतील गं.”

“छे हो, भावोजी. उभी नोकरी यंत्रांच्या खडखडाटात गेली त्यांची. आवाजातच झोप लागते त्यांना.”

मडगार्ड अप्रतिम झाले. जावयाने समाधानाने हात खाली घेतला. टाकीत हवा भरली, कंप्रेसर आपोआप थांबला, आणि त्याबरोबर आतले घोरणेही थांबले. खाट करकरली.

“काय बंद पडलं?” आतून आवाज आला.

“चालवा गन,” मेहुणी कुजबुजली. “आवाज गेला की उठतात ते.”

जावयाने घोडा दाबला. रंग वाऱ्यावर उधळण्यापेक्षा त्याने तो समोर उभ्या स्कूटरच्या बाजूच्या झाकणावर मारला. कंप्रेसर जागा झाला, सासरे झोपले. पण आता मडगार्ड आणि झाकण असे झळकू लागले, की उरलेली स्कूटर त्यांची पणजी दिसू लागली.

“ओरखडा नाही सापडत,” मेहुणी म्हणाली, “पण मडगार्ड गल्लीच्या टोकावरून सापडेल.”

मग हात थांबलाच नाही. मेहुणी पाना फिरवून एकेक भाग सोडवी, टांगी, वाळला की बसवी. दुसरे झाकण, हँडलचे आवरण, दिव्याची कड. शेवटी स्कूटरचे धडसुद्धा जागच्या जागी न्हाऊन निघाले. मेहुणीच्या नाकाचा शेंडा निळा झाला.

आणि रंग संपला. राहिले होते ते हत्यारांच्या कप्प्याचे इवलेसे झाकण. कंप्रेसर भरला, थांबला. सासरे दारात उभे राहिले.

जावयाने खालमानेने चावी पुढे केली. सासऱ्यांनी चष्मा पुसून स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारल्या. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. इतकी वर्षे ती त्यांच्या डोळ्यांना अशीच नवीकोरी दिसत आली होती. मग त्यांचे बोट त्या इवल्याशा झाकणावर टेकले.

“जावईबापू,” ते खिन्नपणे म्हणाले, “सकाळी दिली तेव्हा धडधाकट होती. एवढं झाकण कशाने विटवलंत?”

चावी त्यांच्या खिशात गेली. ओरखडा मात्र, जावयाने म्हटल्याप्रमाणे, कोणालाच सापडला नाही.