शार्दूलच्या नऊ पराती

शार्दूलने हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या बायकोने, श्वेताने, एवढंच विचारलं, "कुठे ठेवणार?"

"बाल्कनीत."

बंगळूरमधल्या हेब्बाळच्या त्यांच्या सोसायटीत दरवर्षी 'हरित घर' स्पर्धा व्हायची. मागच्या वर्षी समोरच्यांनी कढीपत्त्याच्या एका कुंडीवर पहिलं बक्षीस नेलं होतं. पुण्याहून आलेल्या या इंजिनिअरला ते फारच लागलं. यंदा त्याने चिकपेटेच्या बाजारातून चुना आणि नऊ मोठ्या पराती आणल्या. रोज ऑफिसला जाण्याआधी तो परातींत चुना कालवून ओतायचा. चुना हवेतला वायू शोषतो आणि त्याचा खडू होतो, हे तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा. लोक जिन्याने जाऊ लागले.

दोन महिन्यांनी परातींत पांढरा, टणक थर बसला. शार्दूलने हिशेब केला. "एकशे ऐंशी ग्रॅम वायू पकडला!"

"आणि आपण दोघं श्वासातून किती सोडतो?"

"दिवसाला... दोनेक किलो."

"म्हणजे दोन तास श्वास रोखला असता तरी भागलं असतं," श्वेता म्हणाली. "माझी कपड्यांची दोरी तरी बाल्कनीत राहिली असती."

स्पर्धेच्या आधी पुण्यात लग्न निघालं. झाडांना पाणी घालायला शेजारच्या वसुमतीअक्कांकडे किल्ली देऊन दोघं गेले. रविवारी सकाळी परतले. परीक्षक अकराला येणार होते. शार्दूल बॅग खांद्यावर घेऊनच बाल्कनीत गेला आणि तिथेच थिजला. नऊच्या नऊ पराती भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रत्येकीत त्याचा चेहरा दिसत होता.

"बोअरच्या पाण्याचा क्षार केवढा धरला होता रे!" मागून अक्का म्हणाल्या. "व्हिनिगर ओतलं, फस्स करून फेस आला, स्वल्प घासलं, सरी झालं, एकदम लख्ख!"

"अक्का," शार्दूल परातीकडे बोट दाखवत म्हणाला, "त्या फेसातच तो होता."

"कोण?"

"वायू. दोन महिने पकडून ठेवला होता त्याला."

"अय्यो! सांगून जायचं नाही होय? मी खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या. गेला असेल तो!"

तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे अध्यक्ष सुधींद्र दोन परीक्षकांना घेऊन आले. शार्दूलने खरं तेच सांगितलं, चुन्यापासून व्हिनिगरपर्यंत. सुधींद्रांनी एक परात उचलून उलटसुलट पाहिली.

"क्षार खरंच एवढा स्वच्छ निघतो?"

अक्कांनी पदर खोचला आणि शार्दूलच्याच बाथरूममधल्या नळावर व्हिनिगरचा बोळा धरला. फेस आला. चार वर्षं तिरकी धार सोडणारा नळ सरळ वाहू लागला. एका परीक्षकाने व्हिडिओ काढला. दुसऱ्याने व्हिनिगर कुठल्या दुकानातलं, ते विचारून घेतलं.

पहिलं बक्षीस एकमताने वसुमतीअक्कांना मिळालं.

"पण अक्कांचे गुडघे दुखतात," सुधींद्र शार्दूलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि यातलं विज्ञान तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांचे नळ तेवढे बघाल ना?"

दुपारपासून तो व्हिनिगरची बाटली घेऊन घरोघर फिरू लागला. प्रत्येक नळाशी फस्स आवाज झाला की सुटलेल्या वायूचे ग्रॅम मनात मोजायचा. सातव्या घरी, सुधींद्रांकडे, वाफाळती फिल्टर कॉफी आणि गरम वडे पुढे आले.

"एवढी पर्यावरणाची तळमळ हल्ली कुणाला असते?" सुधींद्रांची बायको कौतुकाने म्हणाली.

शार्दूलने मोजणं सोडून दिलं आणि दुसरा वडा उचलला.