सहाशे बारा खुर्च्या

"खुर्च्या बिस्किटांसारख्या दिसतात," तिप्पेस्वामी म्हणाले आणि नागवेणीचा चहाचा पेला ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

कल्याणमंटपाचा, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाचा नकाशा अकरा वाजता कोट्रेशप्पा आणि बाकीच्या विश्वस्तांपुढे ठेवायचा होता. घड्याळात सव्वादहा. दावणगेरेतल्या त्यांच्या वास्तुरचनेच्या कचेरीला वर्षभरात एवढं मोठं काम दुसरं मिळालं नव्हतं, आणि नकाशात खुर्च्या होत्या सहाशे बारा.

"सर, वरून पाहिली की खुर्ची अशीच दिसते."

"तुला-मला कळतं गं. कोट्रेशप्पांना कळायला नको? पाठ जरा गोल कर, रुबाब आण. पॅलेटमध्ये एक बदललं की सगळं बदलतं, असं तूच सांगत असतेस ना?"

ते खरंच होतं. पडद्याच्या कडेला पॅलेट, म्हणजे चिन्हांची पट्टी होती: खांब, दार, पंखा, टेबल, खुर्ची आणि असंच बरंच. पट्टीतलं मूळ चिन्ह बदललं की नकाशातली त्याची सगळी पिल्लावळ आपोआप बदलायची. नागवेणीने पट्टीत गोल पाठीचं एक छानसं चिन्ह शोधलं, उचललं आणि खुर्चीच्या जागी टाकलं. 'सगळीकडे बदलू का?' संगणकाने विचारलं. "बदल बाबा लवकर," म्हणत तिने 'हो' दाबलं.

अख्खा नकाशा पडद्यावर असला की एकेक चिन्ह मुंगीएवढं दिसतं. तिने वरवर नजर टाकली आणि फाइल खाली छपाईच्या दुकानात पाठवून दिली.

कोट्रेशप्पांच्या दिवाणखान्यात नकाशाची गुंडाळी उलगडली, तेव्हा चारही विश्वस्त वाकले आणि वाकलेलेच राहिले. शेवटी कोट्रेशप्पांची थोरली बहीण हालम्मा चष्मा लावून पुढे आली. मंटपासाठी जमीन तिनेच दिली होती.

"अय्यो! हे तर तसलं आहे. आमच्या सुनेने घरात बसवून घेतलंय, ते."

नागवेणीने वाकून पाहिलं. स्टेजकडे तोंड करून, ओळीने, शिस्तीत, सहाशे बारा कमोड!

"हे... नव्या पद्धतीचं आसन आहे," तिप्पेस्वामी म्हणाले.

"पंगतीत पण?" कोट्रेशप्पांनी विचारलं.

"आणि स्टेजवरची ही दोन?" हालम्मा म्हणाली. "नवरा-नवरीची का?"

तिप्पेस्वामींनी घाम पुसला. नागवेणीने घाईघाईने लॅपटॉप उघडून टीव्हीला जोडला. "अम्मा, चूक माझी आहे. चिन्हं जवळजवळ होती, चुकीचं उचललं गेलं. आत्ता दुरुस्त करते." तिने हुकूम सोडला: जिथे जिथे कमोड, तिथे तिथे खुर्ची. डोळ्यांदेखत सगळा मंटप पुन्हा सभ्य झाला. तिप्पेस्वामींचा जीव भांड्यात पडला.

हालम्मा मात्र टीव्हीला नाक लावून उभी होती. "मुली, मागच्या या चार खोल्यांत एकेक खुर्ची कशाला?"

नागवेणीने त्या खोल्या मोठ्या करून पाहिल्या. "ती... शौचालयं आहेत, अम्मा."

"म्हणजे मघाशी सगळीकडे होतं, आता कुठेच नाही!"

विश्वस्त पोट धरून हसले. हालम्माही हसली, पण मधेच थांबली. तिने पडद्यावर बोट ठेवून मोजलं.

"चारच?"

"दोन बायकांची, दोन पुरुषांची," तिप्पेस्वामी म्हणाले. "नियमात बसतं, अम्मा."

"नियम कुणी केला? रांगेत उभ्या राहिलेल्या बाईने नक्की नाही. माझ्या नातीच्या लग्नात मी मुठीत अक्षता घेऊन तसल्याच रांगेत उभी होते. तिच्या गळ्यात ताळी बांधल्याचा वाद्यांचा गजर तेवढा ऐकला. लग्न बघितलं ते व्हिडिओत!" ती भावाकडे वळली. "कोट्रेशा, बायकांची बारा हवीत, पुरुषांची सहा. नाहीतर माझी जमीन मला परत दे, मी मका पेरते."

"अम्मा, म्हणूनच तर आम्ही मुद्दाम—" तिप्पेस्वामींनी तोंड उघडलं.

"तुम्ही बसा हो. मुली, तू काढ."

नागवेणीने एकेक चिन्ह उचललं, मोठं करून पाहिलं, हालम्माला दाखवलं आणि मगच खाली ठेवलं. अठरावं बसलं तेव्हा हालम्मानेच सगळ्यांआधी सही केली.

परतताना तिप्पेस्वामी खुशीत होते. मंडक्कीच्या गाडीपाशी थांबून त्यांनी दोघांसाठी चुरमुऱ्यांची मंडक्की आणि मिरचीची भजी घेतली. "बघितलंस ना, जागा कमी पडते हे म्हातारीला बरोबर कळलं! खरं तर माझ्याही मनात पहिल्यापासून तेच होतं."

"सर, आपल्या कचेरीत किती आहेत?"

"काय किती?"

"तेच. एकच आहे. त्यालाही कुलूप, आणि किल्ली तुमच्या खिशात. तुम्ही साइटवर गेलात की मी आणि टायपिस्ट अक्का बँकेत जातो. पासबुक भरायला आलोय असं सांगतो. शिपाई आता आम्हाला नावाने ओळखतो."

तिप्पेस्वामींना मिरचीचा ठसका लागला. खोकून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, खिशात हात घातला आणि किल्ली तिच्या मंडक्कीच्या पुडीशेजारी ठेवली.